वाटीसारखा एक शंख

(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद भगिनींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला आपल्यापैकीच कोणीतरी चार शब्द बोलावेत, असा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. या जागेवरून आजवर मुलांच्या आहाराविषयी, बचतीविषयी, शिवणवर्गाविषयी पुष्कळ बोलणे झाले. या वर्षी कार्यकारिणीने माझे नाव सुचवले आणि विषय विचारला. मी म्हटले, "समुद्रावरचा टोपीसारखा शंख कसा ओळखावा." आपल्या चिटणीस पदर तोंडाला लावून हसल्या. म्हणाल्या, "बाई, हातकणंगल्याला समुद्र कुठला? आपल्याकडं पाणी म्हंजे वरल्या अंगाला वारणा न्हाईतर खालच्या अंगाला पंचगंगा!"

त्यांचे म्हणणे खरे आहे. पण मी बोलणार आहे ती गोष्ट आपल्याच मंडळाच्या सहलीत सुरू झाली आणि आपल्याच गल्लीत संपली. त्यात एक चूक आहे, आणि ती चूक माझी आहे. ज्या घराशी तिचा संबंध आला, त्या घरची वडीलधारी बाई आज आपल्यात बसली आहे. तिला विचारून, तिची परवानगी घेऊनच मी हे सांगत आहे.

आपली रत्नागिरीची सहल आठवते ना? पहाटे निघालो. कोल्हापूर, मलकापूर मागे टाकून आंबा घाट उतरलो आणि साखरप्यावरून हातखंब्याला पोचलो तोवर निम्म्या जणींच्या भाकऱ्या संपल्या होत्या. मग मिऱ्या झाले, आरे-वारे झाले, गणपतीपुळ्याचे दर्शन झाले. जिथे जिथे गाडी थांबली, तिथे तिथे प्रत्येकीने काही ना काही उचलले. कोणी शिंपल्या घेतल्या, कोणी रंगीत खडे घेतले. आपल्या एका आक्कांना ओल्या खडकाशेजारी एक रिकामा शंख मिळाला. उपड्या ठेवलेल्या छोट्या वाटीएवढा, वरून खरखरीत, शेंड्यापासून काठापर्यंत रेघा उमटलेला. त्यांनी तो नातीसाठी पदराच्या गाठीला बांधला.

मी मात्र शास्त्राची शिक्षिका. निवृत्त झाले तरी मुलांना काही दाखवावे ही हौस गेलेली नाही. मला रिकाम्या शंखावर समाधान नव्हते. काळ्या खडकाला चिकटलेले तसेच सात शंख मी सुरीच्या टोकाने उचकटून काढले आणि डब्यात भरले. दुसऱ्या दिवशी परतताना, मलकापूरच्या अलीकडे, गाडीत जो वास सुटला तो तुम्हांला आठवत असेलच. मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडले, "काय मेलंय बगा गाडीत!" खरोखरच मेले होते. सात जिवंत प्राणी माझ्या डब्यात मेले होते. मी शंख म्हणून जे काढून आणले, ते कोणाचे तरी घर होते आणि घरधनी आत होता. त्या वेळी आपण सगळ्या हसलो. नंतर मला त्याचे हसू आले नाही.

घरी आल्यावर आक्कांच्या नातीने शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी शंख-शिंपल्यांचा एक पुठ्ठा तयार केला. आजीने आणलेला शंख तिने मधोमध लावला आणि मला विचारायला आली, "बाई, ह्याचं नाव काय?" मी एकदाच पाहिले, शंख उलटून बघण्याचीही तसदी घेतली नाही, आणि सांगितले, "लिही, लिंपेट. शास्त्रीय नाव सेलाना." तिने वळणदार अक्षरात चिठ्ठी लिहिली. प्रदर्शनात तिचा पहिला नंबर आला. आठ दिवसांनी पुढचे, अधिक मोठे प्रदर्शन होते.

मधल्या दिवसांत ती पोर माझ्याकडे आली. माझे सात शंख मी धुऊन, वाळवून खिडकीत मांडले होते. तिने आपला शंख त्यांच्याशेजारी उलटा ठेवला आणि बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "बाई, तुमच्या शंखांत आतल्या बाजूला बाळाच्या वाळ्यासारखी खूण आहे, तिचं तोंड टोकाकडं उघडं आहे. माझ्या शंखातलं तोंड बाजूला का उघडं आहे?"

मैत्रिणींनो, तीस वर्षे शिकवलेल्या माणसाने अशा वेळी काय करावे? मी जे केले ते सांगते. मी म्हणाले, "निसर्गात असे थोडे इकडेतिकडे असतेच." पोर गप्प झाली आणि निघून गेली. त्या रात्री मला झोप आली नाही. आपण उत्तर दिले नाही, नुसते तिचे तोंड बंद केले, हे मला कळत होते.

सकाळी उठून भिंग काढले, पुस्तके काढली आणि जे तीस वर्षांत नीट पाहिले नव्हते ते पाहायला बसले. जे कळले ते तुम्हांला सांगते. घरातल्या वस्तूंशी ताडून सांगते, म्हणजे पुढच्या सहलीत तुम्हांलाही ओळखता येईल.

पहिली गोष्ट, टोपीसारखे दिसते ते सगळे एकच नसते. रोपलावणीच्या दिवसांत शाहूवाडीकडे किंवा घाटाखाली गेलात तर शेतात इरली घेऊन वाकलेल्या बायका दिसतात. दुरून सगळ्या सारख्या. म्हणून त्या सख्ख्या बहिणी असतात का? पाऊस एकच, काम एकच, म्हणून पांघरूण एकसारखे. समुद्राच्या खडकावर तसेच आहे. वरून लाटांचा मारा, ओहोटीला उन्हाचा तडाखा. त्याला तोंड द्यायला बुटकी, रुंद बुडाची टोपी सर्वांत सोयीची. म्हणून एकमेकांशी लांबचेही नाते नसलेल्या प्राण्यांनी तीच टोपी घातली आहे. तेव्हा पांघरुणावरून नाते ठरवू नये, इरले उचलून तोंड पाहावे.

आता ओळख कशी पटवावी ते पाहू. शंख हातात आला की प्रथम तो उलटा करावा. काठाशी बिजागरीसारखे दात किंवा खाचा दिसल्या तर तो शंखच नव्हे. ती तिसऱ्यांसारख्या शिंपल्याची एक बाजू आहे. तिची जोडीदारीण कुठेतरी हरवली आहे.

मग शेंडा पाहावा. शेंड्याला भोक असेल तर दोन शक्यता. खडकावर घट्ट बसलेला, खरखरीत, पायाला कापणारा, ज्वालामुखीच्या तोंडासारखा दिसणारा बारीक सुळका असेल आणि त्याच्या भिंती अनेक तुकड्यांच्या असतील, तर ते बार्नॅकल. तो गोगलगायीचा नव्हे, खेकड्या-कोळंबीचा भाऊबंद. चार्ल्स डार्विनने १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षे या बार्नॅकलांच्या अभ्यासात घालवली. दुसरी शक्यता अशी, की टोपी अखंड आहे आणि शेंड्याला तेवढे एक सुबक भोक आहे. ती भोकाची लिंपेट. काठाखालून आत घेतलेले पाणी ती या भोकातून बाहेर सोडते. आपल्या स्वयंपाकघरातल्या धुराड्याचीच रीत. ही बहुधा ओहोटीच्या अगदी खालच्या पट्ट्यात, दगडांच्या खाली सापडते. तिच्यातली एक जात 'डिओडोरा बाँबेयाना', म्हणजे मुंबईचेच नाव धारण करणारी आहे.

भोक नसेल तर आत पाहावे. आत देवळीच्या फळीसारखा पातळ पडदा आडवा बसवलेला असेल, तर ती सपातेच्या किंवा चिनी टोपीच्या जातकुळीची. ही दुसऱ्याच्या शंखावर किंवा दगडाला चिकटून राहते आणि पाण्यातले अन्नकण गाळून खाते.

भोक नाही, फळीही नाही, नुसती स्वच्छ वाटी आहे, असे झाले की खरी कसोटी सुरू होते. माझी चूक इथेच झाली. अशी वाटी आपल्या किनाऱ्यावर मुख्यतः दोन घराण्यांची असते. एक खरी लिंपेट आणि दुसरी खोटी लिंपेट. 'खोटी' म्हटले म्हणून वाईट समजू नये. ती आपल्या जागी खरीच आहे. नाव ठेवणाऱ्यांनी ठेवले.

खऱ्या लिंपेटांचे शास्त्रीय नाव लिनियसने १७५८ साली 'पटेला' असे ठेवले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ छोटी ताटली. आपल्यापैकी ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी डॉक्टरांच्या तोंडून हा शब्द ऐकला असेल. आपण ज्याला गुडघ्याची वाटी म्हणतो, त्यालाच ते पटेला म्हणतात. लॅटिन बोलणाऱ्यांना आणि आपल्या आज्यांना एकच उपमा सुचली, याची मला गंमत वाटते. आपल्या किनाऱ्यावर जी खरी लिंपेट नेहमी भेटते तिचे नाव 'सेलाना रेडिएटा'. बॉर्न नावाच्या शास्त्रज्ञाने १७७८ साली तिचे वर्णन केले. रेडिएटा म्हणजे किरणे असलेली. शेंड्यापासून काठाकडे गेलेल्या रेघांवरून हे नाव.

खोट्या लिंपेटेचे नाव 'सायफोनारिया'. ही समुद्राच्या खडकावर राहत असली तरी नात्याने आपल्या परसातल्या, पावसाळ्यात कोबीची पाने खाणाऱ्या गोगलगायीला जवळची. खऱ्या लिंपेटेला काठाच्या आत कल्ले असतात. सायफोनारियाला मात्र फुप्फुसासारखी एक पोकळी असते. ओहोटीला ती हवा घेते, आणि भरतीत पाण्यातही तिचे भागते. ही हवा-पाणी घेण्याची तिची वाट शरीराच्या उजव्या बाजूला असते. एवढे ध्यानात ठेवले की पुढचे सगळे उलगडते.

आता वाटीच्या आत उजेड तिरपा पाडून पाहा. प्राणी ज्या स्नायूने शंखाला धरून असतो, त्याची खूण आत उमटलेली असते. ती पूर्ण गोल नसते. बाळाच्या हातातल्या वाळ्यासारखी एका जागी उघडी असते. खऱ्या लिंपेटेत हे तोंड डोक्याच्या बाजूला, म्हणजे लांबट वाटीच्या टोकाकडे उघडते, कारण तिथून तिला मान बाहेर काढायची असते. सायफोनारियात ते तोंड लांब बाजूवर, उजव्या अंगाला उघडते, कारण तिथे तिची श्वासाची वाट असते. त्याच जागी शंखाचा काठ जरासा बाहेर फुगलेला असतो, वरच्या बाजूने तिथल्या फासळ्या थोड्या ठळक दिसतात, आणि आतून बोट फिरवले तर उथळ पन्हळ लागते. आक्कांच्या शंखात हे सगळे होते. माझ्या सात शंखांत यातले काहीही नव्हते.

आणखी एक खूण. सेलानाच्या आतल्या बाजूला बहुधा रुपेरी झाक असते. उजेडात हलवली की मोत्यासारखी चमकते. सायफोनारियाची आतली बाजू चिनीमातीच्या बशीसारखी गुळगुळीत, पण त्यात ती रुपेरी झाक नसते. आकारावर फार विसंबू नये. सायफोनारिया बहुतेक लहान असते हे खरे, पण लहान मूल आणि ठेंगणी आजी उंचीने सारखी असू शकतात!

हे झाले शंखाचे. आता त्याच्या जागेविषयी. मला विचाराल तर अर्धी ओळख जागेत असते.

कोकणातल्या माणसाला घड्याळाशिवाय भरतीची वेळ सांगता येते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. त्यानंतर सुमारे सहा तासांनी, नऊच्या आसपास ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते. त्या दिवसांत पाणी फार मागे जाते आणि एरवी न दिसणारे खडक उघडे पडतात. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा पाणी फारसे हलत नाही. शंख पाहायला जायचे ते उधाणाच्या ओहोटीला. मात्र पाणी परत फिरायच्या आत वर यायचे आणि एकटीने कधीही जायचे नाही.

तिथे गेल्यावर खडकाची उतरंड पाहावी. अगदी वर, जिथे फक्त तुषार पोचतात, तिथे बारीक गोगलगायी. त्याखाली मधल्या पट्ट्यात बार्नॅकल आणि या आपल्या टोप्या. सगळ्यांत खाली शेवाळ, दगडाखालचे जीव. सेलाना आणि सायफोनारिया यांचे पट्टे एकमेकांत मिसळतात, म्हणून नुसत्या जागेवरून निवाडा होत नाही. पण जागा साक्षीला असली की निवाडा पक्का होतो. एकाच जातीचा शंखही जागेप्रमाणे बदलतो. वर, कोरड्यात राहणारे बहुधा उंच टोपीचे आणि खाली, ओल्यात राहणारे चपटे असतात. वॉल्टेअरच्या समुद्रकाठी आंध्र विद्यापीठाच्या बालपरमेश्वर राव आणि गणपती या अभ्यासकांनी सेलाना रेडिएटाच्या शंखाचा आकार आणि तिची खडकावरची जागा यांचा संबंध तपासला आणि १९७१ साली तो प्रसिद्ध केला. ज्याला शंख कुठे मिळाला हेच ठाऊक नाही, त्याला हा संबंध कसा कळणार?

खडकाशेजारी वाकून बसलात आणि पिवळसर चिकट पट्टी, सुकत घातलेल्या कुरडईसारखी वळलेली दिसली, तर ती सायफोनारियाची अंडी असण्याचा संभव मोठा. ती अंडी खडकाला चिकटवते. सेलाना तसे करत नाही. ती आपले बीज सरळ समुद्रात सोडून देते. सायफोनारियाला डिवचले तर ती पांढरट चिकट रस सोडते. तो खाणाऱ्याला नकोसा वाटतो. अशी जिवंतपणीची खूण रिकाम्या शंखात कशी सापडणार?

आणि या टोप्यांची आपली आपली जागा ठरलेली असते, हे तर मला फार थक्क करणारे वाटते. पाणी आले की त्या खडकावरचे शेवाळ खरवडत फिरतात आणि पुष्कळशा पुन्हा आपल्या नेमक्या जागी परततात. लिंपेट जागा सोडून चरायला जाते, हे ॲरिस्टॉटलने दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे. वर्षानुवर्षे त्याच जागी बसून शंखाचा काठ त्या दगडाच्या उंचसखलपणाप्रमाणे वाढतो. पाट्याला वरवंटा बसावा तसा तो तिथेच नीट बसतो, दुसरीकडे नाही. नीट बसला म्हणजे ओहोटीच्या उन्हात आतले पाणी राखले जाते. खरवडायला तिच्या जिभेवर किसणीसारखे दात असतात. इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठात २०१५ साली तिथल्या लिंपेटेचे दात तपासले, तेव्हा ते कोळ्याच्या रेशमी धाग्यापेक्षाही मजबूत भरले. त्यात लोखंडाच्या एका खनिजाचे बारीक तंतू असतात.

हे वाचताना मला माझी सुरी आठवली. ज्या जीवाने वर्षानुवर्षे एका दगडाशी आपला काठ जुळवून घेतला, त्याला मी दोन मिनिटांत उचकटले. चुकून पुन्हा खडकावर ठेवले असते तरी दुसऱ्या जागी तो काठ नीट बसला नसता. लग्न होऊन दुसऱ्या गावी आलेल्या आपणा सगळ्यांना, जागा बदलली की काठ जुळायला किती वर्षे लागतात, हे काय वेगळे सांगायला हवे? आपण निदान जुळवून तरी घेतो. त्याला तेवढीही सवड मिळाली नाही.

असो. आता पुन्हा त्या पोरीच्या चिठ्ठीकडे येते.

मला चूक कळली तेव्हा पुढच्या प्रदर्शनाला चार दिवस उरले होते. चिठ्ठी मी सांगितली होती, पण अक्षर तिचे होते आणि बक्षीस तिला मिळाले होते. गप्प बसले असते तर कोणाला कळले नसते. मी संध्याकाळी आक्कांच्या घरी गेले आणि सगळे सांगितले. आक्का चुलीपुढून उठल्या नाहीत. म्हणाल्या, "बाई, तुमी शिकलेल्या. तुमीच सांगितलं, पोरीनं लिवलं. आता चार लोकांत तिचं नाव झालंय. एवढ्याशा शंखापायी तिला खाली बघायला लावू नगा." त्यांचे चुकत होते असे मी म्हणणार नाही. आपल्या मुलींची नावे चार लोकांत सहजासहजी होत नाहीत. झालेले नाव पुसायला कोण तयार होईल?

मी काही बोलण्याआधी पोर आतून आली. म्हणाली, "बाई, म्हणजे मी विचारलं ते बरोबर होतं?"

मी म्हटले, "हो. तुझे बरोबर होते आणि माझे चुकले होते. त्या दिवशी मी तुला खरे उत्तर दिले नाही, तेही चुकले."

तिने पुठ्ठा आणला. मी म्हटले, नवी चिठ्ठी लिही. ती म्हणाली, नको. जुन्या नावावर तिने एकच रेघ ओढली, खालचे नाव वाचता येईल अशी, आणि शेजारी लिहिले, 'सायफोनारिया'. मग पेन्सिल थांबवून विचारले, "बाई, पुढचं नाव? सायफोनारिया कोणती?"

मैत्रिणींनो, मला पुन्हा मोह झाला. पुस्तकात एक नाव फार आकर्षक होते. 'सायफोनारिया बसीनेन्सिस'. बसीन म्हणजे आपली वसई. अलेक्झांडर अबरक्रोम्बी या गृहस्थाने मुंबईच्या किनाऱ्यावर गोळा केलेल्या शंखांवरून जेम्स कॉस्मो मेलव्हिल याने १८९३ साली ज्या नव्या जाती जगापुढे मांडल्या, त्यांतली ही एक. महाराष्ट्राच्या गावाचे नाव असलेला शंख! पुठ्ठ्यावर किती शोभला असता. पण आमच्या हातातला शंख तोच, हे कशावरून? या घराण्यातल्या जाती बाहेरून एकमेकींसारख्या दिसतात. २०२४ साली ऑस्ट्रेलियातल्या जेन्किन्स आणि कोहलर यांनी हिंदी महासागरापासून प्रशांत महासागरापर्यंतच्या सायफोनारियांची फेरतपासणी प्रसिद्ध केली. शंखाबरोबर आतले अवयव आणि आनुवंशिक द्रव्यही तपासले, तेव्हा एकाच नावाखाली अनेक वेगळ्या जाती दडलेल्या निघाल्या. त्यांना जे नुसत्या शंखावरून करता येत नाही, ते मी खिडकीत बसून कसे करणार?

मी म्हटले, "आडनाव कळले, नाव कळले नाही. तसेच लिही."

तिने लिहिले, 'जात निश्चित नाही.' मग पुढचा प्रश्न, "सापडल्याची जागा?" आम्ही दोघींनी आक्कांकडे पाहिले. आक्का म्हणाल्या, "मिऱ्याला घावला का आरे-वारेला, आता काय ध्येनात न्हाई. पदराला बांधला एवढं खरं." म्हणून पोरीने लिहिले, 'रत्नागिरी परिसर. नेमकी जागा नोंदलेली नाही.'

पुढच्या प्रदर्शनात तिचा नंबर आला नाही. खोडलेली चिठ्ठी तिथे टापटिपीची वाटली नसेल, किंवा दुसऱ्या मुलांचे काम अधिक चांगले असेल. परीक्षकांनी खोडण्याचे कारण विचारले तेव्हा तिने शंख उलटा करून वाळ्याचे तोंड दाखवले आणि आपले नाव आधी कसे चुकले होते ते सांगितले. आजी शेजारी उभी होती. घरी येताना आजी काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "बाई, पोरगी काय घाबरली न्हाई वो. मास्तरांच्या डोळ्याला डोळा लावून बोलत हुती." एवढेच म्हणाल्या आणि गेल्या. माझ्या मनावरचा भार तेव्हा उतरला.

बक्षीस गेले याचे मला वाईट वाटते, आजही वाटते. त्यावर गोड पांघरूण घालायला मी उभी नाही. पण त्या पोरीला मी एकदा गप्प केले होते, आणि ती गप्प राहिली नाही, हे मला बक्षिसाहून मोठे वाटते. आपल्या घरातल्या मुली असे प्रश्न विचारतात तेव्हा आपण काय म्हणतो, याचा प्रत्येकीने विचार करावा. "असतंय तसं," "तुला काय करायचंय," "गप बस." या शब्दांनी किती वाळ्यांची तोंडे न पाहिलेली राहिली असतील!

पुढच्या सहलीसाठी मी मंडळाला चार सूचना करते. एक, जिवंत शंख खडकावरून काढायचा नाही. पाहायचा, फोटो घ्यायचा आणि सोडून द्यायचा. आता प्रत्येकीच्या पिशवीत फोन आहे. मुंबईत २०१७ सालापासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या उपक्रमात साधी माणसे ओहोटीला किनाऱ्यावर फिरून अशाच नोंदी करत आली आहेत. दोन, रिकामा शंख उचललाच, तर त्याच वेळी कागदाच्या कपट्यावर त्याचे माहेर लिहायचे: गाव, तारीख, खडक की वाळू, पाण्यापासून किती वर, ओल्यात की उन्हात. कपटा शंखाबरोबर बांधायचा. माहेर न लिहिलेला शंख शोभेला चालतो, साक्षीला चालत नाही. तीन, दुकानातले मोठाले शंख विकत घेण्याआधी विचार करायचा. नॉटिलससारख्या काही समुद्री शंखांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षण दिलेले आहे. आणि चार, रत्नागिरीला कोकण कृषी विद्यापीठाचे सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे. तिथले संग्रहालय आधी पाहायचे, मग खडकावर जायचे. आपण मागच्या खेपेस उलटे केले.

चिटणीसबाई म्हणाल्या होत्या, हातकणंगल्याला समुद्र कुठला. त्यांना एक सांगते. आपल्या आळत्याच्या रामलिंग डोंगराचा काळा दगड आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावर ज्याला या टोप्या बिलगून असतात तो काळा दगड, हे दोन्ही सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या एकाच मोठ्या लाव्ह्याच्या घडामोडीतले आहेत. दगडाच्या नात्याने पाहिले तर आपण आणि ती टोपी शेजारीच आहोत.

माझे ते सात शंख आज इथे टेबलावर ठेवले आहेत. त्यांच्या शेजारी आक्कांच्या नातीने आपला शंख, त्या खोडलेल्या चिठ्ठीसह, आजच्यापुरता ठेवला आहे. चहापाण्याच्या वेळी प्रत्येकीने ते उलटे करून पाहावेत, वाळ्याचे तोंड कुठे उघडते ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे आणि मग मी सांगितलेले खरे की खोटे ते ठरवावे. माझ्या शब्दावर विसंबू नये. एकदा विसंबून काय झाले, ते तुम्ही ऐकलेच आहे.